कॅप्टनचा डावा गुडघा

कोल्हापुरात कुणाचं घराणं प्रसिद्ध असतं, कुणाची म्हैस, कुणाच्या घरचा रस्सा. आमच्या कॅप्टनचा डावा गुडघा प्रसिद्ध होता. पानपट्टीवर त्याची चौकशी व्हायची, लग्नाच्या मांडवात त्याच्यावर इलाज सुचवले जायचे, आणि फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की त्याच्या तब्येतीवरून दोन पेठांत हमरीतुमरी व्हायची. त्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. कामातून गेला होता तो उजवा. ही गोष्ट जगात चारच माणसांना ठाऊक होती: कॅप्टन, वहिनी, मिरजेचे डॉक्टर आणि मी. निदान मी तरी तसं समजत होतो.

कॅप्टन हे त्यांचं नाव नव्हतं आणि हुद्दाही नव्हता. आमच्या तालमीच्या टीमचे ते एकाच सीझनला कॅप्टन झाले होते, आणि त्या सीझनला आम्ही पहिल्याच मॅचमध्ये घरी आलो होतो. पद गेलं, नाव चिकटलं. बाहेरगावच्यांना नवल वाटतं, पण आमच्याकडे तालमीत खाली लाल माती असते आणि वरच्या खोलीत फुटबॉलचे बूट टांगलेले असतात. पेठेची टीम हरली तर त्या दिवशी पेठेतल्या नवरा-बायकोंची भांडणंसुद्धा लवकर सुरू होतात. कॅप्टन आमचे फुलबॅक, आणि त्यांच्या शेजारी उभा राहून शिव्या खाणारा दुसरा बॅक मी.

दिवसाही माझी सुटका नव्हती. आम्ही एकाच कचेरीत, समोरासमोरच्या टेबलांवर होतो. ते जन्म नोंदवायचे, मी मृत्यू.

"माजं गिऱ्हाईक पेढं घिऊन येतंय, तुजं डोळं पुसत येतंय. म्हणून तुजं त्वांड असं सुतकी झालंय," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. ते पेढे मीच खात असे. गोडानं वजन वाढतं, फुलबॅकला वजन परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मटणानं वजन वाढतं हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

जन्माची नोंद करायला आलेल्या बापाला ते आधी नाव विचारत नसत. "पाय कसं हाईत?" हा पहिला प्रश्न. पोर सोबत आणलेलं असलं तर दुपटं वर करून स्वतः तपासायचे. "फेंगडं हाय जरा. फॉरवर्ड करा. बॅक करू नगा, मधनं बॉल जाईल." पोर आणलेलं नसलं तर बापालाच चार पावलं चालायला लावायचे. एकदा एक वकील चिडून म्हणाले, मला मुलगी झाली आहे. कॅप्टन म्हणाले, "मग काय तिला पाय न्हाईत का?"

सगळ्या गावाच्या जन्मतारखा त्यांच्या ताब्यात, त्यामुळे त्यांचं स्वतःचं वय कुणालाच कळू शकत नव्हतं. ते बत्तीसचे आहेत हे मी सलग सहा वर्षं ऐकलं. नदीकडच्या तालमीच्या, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांच्या, एका माणसानं एकदा कचेरीत येऊन त्यांच्या जन्मसालाची वही मागितली. वही बायंडिंगला गेलेली होती. मी नोकरीला लागलो तेव्हाही ती बायंडिंगलाच होती.

ह्या ज्ञानाचा त्यांनी मैदानावर जो वापर केला, तो फुटबॉलच्या नियमांत कुठंही बसत नाही आणि कुठल्याही नियमानं अडतही नाही. समोरून फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट येतोय, आणि हे कमरेवर हात ठेवून त्याला शांतपणे म्हणायचे, "उद्या तुजा वाढदीस हाय न्हवं?" त्या काळात आमच्या पेठांमध्ये वाढदिवस कोण करत होतं? पोरांना आपली खरी जन्मतारीख ठाऊकच नसे. पोरगं क्षणभर घोटाळायचं, आणि तेवढ्यात बॉल गेलेला असायचा. आजोळी कोल्हापुरात जन्मलेल्या मुरगूडच्या एका फॉरवर्डला तर ते म्हणाले, "शाळंत तुजं वय दोन वर्षानं कमी लावलंय बघ." तो बिचारा मॅच संपल्यावर बापाशी भांडायला म्हणून शेवटच्या गाडीची वाट न बघता निघून गेला.

आता गुडघ्याचं सांगतो. कॅप्टन सगळ्यांना सांगायचे की गुडघा सांगलीच्या मॅचमध्ये गेला, तीन जणांनी मिळून पाडलं. हे साफ खोटं होतं. गुडघा बिद्रीला गेला, त्यांच्या मेहुण्याच्या लग्नाच्या पंगतीत. मी मांडीला मांडी लावून शेजारी बसलो होतो. जिलबीला त्यांनी हात लावला नाही, पण बाकीच्या गोष्टींवर असा हात चालवला की वाढपी त्यांच्याच पुढं थांबून राहिला. शेवटी उठायला म्हणून त्यांनी उजव्या पायावर जोर दिला, आणि कट् असा आवाज झाला. मला ऐकू आला, समोरच्या पंगतीला ऐकू आला.

"पत्रावळ वाजली," कॅप्टन म्हणाले, आणि परत खाली बसले. मग पुढची पंगत बसेपर्यंत उठलेच नाहीत. लोकांना वाटलं, भूक राहिली असेल. त्यांच्यापुढं दुसरी पत्रावळ आली, आणि अब्रू राखण्यासाठी त्यांनी तीही संपवली.

मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघा हातात धरून फिरवला, फोटो काढला आणि सांगितलं की आतली कूर्चा फाटली आहे. ऑपरेशन करा, किंवा निदान खेळणं थांबवा. असंच खेळलात तर आधी काठी येईल, मग कुबडी.

"ते समदं खरं. पण फायनल तीन आठवड्यांवर हाय," कॅप्टन म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. फायनल नदीकडच्या तालमीशी होती, आणि वीस वर्षं खेळून कॅप्टननी त्यांच्याकडून एकदाही कप आणलेला नव्हता. पुढच्या सीझनला त्यांना टीममध्ये घेणार नाहीत हे तालमीच्या पंचमंडळानं मला खासगीत सांगितलं होतं, आणि तालमीतली खासगी गोष्ट म्हणजे चौकातली गोष्ट. म्हणजे हा एकच डाव उरला होता. येताना एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत एवढंच बोलले, "एकदा माजी खेळाडू म्हणाया लागली की संपलं बघ. जित्या माणसाचा दाखलाच की त्यो. त्यो तुज्या टेबलावर फाडायचा." मला त्यांचं फार वाईट वाटलं, पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी मला चालत्या गाडीतून उतरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते प्रॅक्टिसला आले ते डाव्या गुडघ्याला हातभर पट्टी बांधून. मी म्हटलं, "कॅप्टन, पाय चुकला."

"गप. नदीकडची बेनी पट्टी बघून पाय घालत्यात. घालू देत की डाव्यावर. त्यो दगड हाय."

मग ते डाव्या पायानं लंगडायला लागले. वहिनी मला वैतागून म्हणाल्या, "भावजी, दोन दिस झालं आरशापुढं लंगडायचं शिकायलेत. घरात उजव्यानं लंगडत्यात, उंबरा वलांडला की डाव्यानं." ह्यातली गंमत अशी की डाव्यानं लंगडायचं म्हणजे सगळा भार उजव्यावर, म्हणजे मोडक्यावर. दुखणं लपवायला ते दुखणंच वाढवत होते. कधी कधी नादात पाय बदलायचा. पानपट्टीवाल्यानं एकदा हटकलंच, "कॅप्टन, काल डावा हुता न्हवं?" कॅप्टन म्हणाले, "वात हाय त्यो. फिरतोय."

पण खरी कसोटी लागली ती हाडवैद्याच्या दिवशी. आमचे वस्ताद जुने पैलवान. फुटबॉल त्यांना फारसा कळत नसे, पण गुडघा कळतो असा त्यांचा दावा होता. त्यांनी कुणालाही न विचारता एक नामांकित हाडवैद्य बोलावला आणि कॅप्टनना तालमीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसवलं. बघायला पन्नास माणसं. त्यात नदीकडचे दोघं, भाजीची पिशवी घेऊन सहज आल्यासारखे उभे.

वैद्यानं डावा गुडघा दाबला, वाटी हलवली, पोटरी चाचपली. मग मोठ्यानं म्हणाला, "ह्यात कायबी न्हाय."

कॅप्टननी पिशवीवाल्या दोघांकडं एक नजर टाकली. "नीट बघा वैद्य. लई आत हाय."

कसबी माणसाला डिवचलं की काय होतं ते त्या दिवशी मी पाहिलं. आत आहे म्हटल्यावर वैद्यानं आतपर्यंत बघितलं. दोघांना खांदे धरायला लावले, पाय स्वतःच्या काखेत घेतला आणि असा हिसडा दिला की कॅप्टनच्या बोंबेनं तालमीवरची कबुतरं उडाली. वस्ताद खूश झाले. "बगा, बसलं हाड," म्हणाले. संध्याकाळपर्यंत डावाही सुजला. मी सायकलवर मागं बसवून त्यांना घरी सोडलं, तेव्हा दार उघडून वहिनींनी विचारलं, "आता कुठल्यानं लंगडायचं?"

डावा आठ दिवसांत उतरला. उजवा तसाच राहिला.

फायनलच्या दिवशी कॅप्टन डाव्या गुडघ्याला पांढरीशुभ्र पट्टी बांधून उतरले. उजव्याला आतून काय बांधलं होतं ते मोज्याखाली होतं. नदीकडच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड बंडा, उंच, खुनशी म्हणून गाजलेला. सेमीफायनलला त्यानं समोरच्या बॅकला झोळीतून पाठवलं होतं. तो पहिल्या मिनिटापासून कॅप्टनच्या डाव्या अंगानं यायला लागला, आणि कॅप्टन दर वेळी बॉल काढून मला डोळा मारायला लागले. "बघितलास? पट्टीवरच येतंय येडं!"

एकदाच बॉल उजवीकडं गेला. कॅप्टनना वळताच आलं नाही. बंडापुढं मैदान मोकळं, गोलकीपर एकटा. मी डोळे मिटले. उघडून बघतो तर बंडानं बॉल थांबवून मागं पास दिलेला. त्यांच्या पेठेचं पब्लिक त्याच्या सात पिढ्यांची नावं घेत होतं. मीही मनात म्हटलं, एवढा कसा बावळट हा.

दुसऱ्या हाफमध्ये एक उंच बॉल आला. कॅप्टन हेड करायला उठले आणि उजव्या पायावर खाली आले. दहा हातांत कुणीही नव्हतं. ते बसले, आणि बसूनच राहिले. झोळी आली, तिला त्यांनी आईवरून शिवी दिली. मला म्हणाले, "डाव्या बाजूनं धर. डाव्या." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी डावीकडून खांदा दिला, आणि तो माणूस मोडक्या उजव्या पायावर सगळा भार टाकत, धडधाकट डावा पाय ओढत मैदानाबाहेर गेला. त्यांची नखं माझ्या दंडात रुतली होती, त्याचे वण आठवडाभर राहिले. आपल्या डावपेचासाठी माणूस इतकी जिद्द धरतो ह्याचं मला कौतुकही वाटलं आणि रागही आला.

ते गेल्यावर आमच्या एका हाफबॅकच्या ढुंगणाला लागून बॉल गोलात गेला. आम्ही कप घेतला. कॅप्टननी तो मांडीवर घेतला आणि त्यात सोडा ओतून प्यायले.

त्यानंतर ते खेळले नाहीत, आणि नवल म्हणजे त्याबद्दल तक्रारही केली नाही. पण ऑपरेशनला साफ नकार दिला. पट्टी डाव्यावरच राहिली, लंगडणं डाव्याचंच राहिलं. आठ वर्षं! काठी आली. कचेरीचा जिना ते उलटे चढायला लागले, पाठमोरे, एकेक पायरी कठड्याला धरून. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बॅक हाय मी. मागंच जाणार." वहिनी रडून थकल्या. मी एकदा सरळ गाढव म्हणालो. म्हटलं, मॅच संपली, कप कपाटात गंजला, आता कुणाला फसवताय? त्यांनी माझ्या टेबलावरचा टाक उचलून बघितला आणि निब बदल म्हणाले.

मग एके दिवशी बंडा आला. मुलगी झाली होती, नोंद करायला आला होता. आता तो कबनूरहून कापडाचा टेम्पो चालवायचा, पोट सुटलं होतं. कॅप्टननी त्याला सबंध कचेरीदेखत चार पावलं चालायला लावलं.

"तासभर डाव्यावर आलतास," ते म्हणाले. "एकदा तरी पाडलंस का?"

बंडा जमिनीकडं बघत म्हणाला, "न्हाय कॅप्टन. तुमास्नी पाडणारा अजून नोंदायचा हाय."

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेलो. सुट्टी संपता संपता कॅप्टन परत येताना आम्हाला दिसले, जिना पाठमोरे चढताना. बंडा बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "उजव्याचं आपरेशन का करून घेत न्हाईत वो?"

माझा चहा बशीत सांडला. "तुला कुणी सांगितलं उजवा म्हणून?"

"आमाला आधीच म्हाईत हुतं की. बिद्रीच्या लग्नातला वाढपी आमच्या गल्लीतला. त्येनं येऊन पेठंत सांगितलं, म्हाताऱ्याचा उजवा गेला. पण पट्टी दिसली डाव्यावर, मग लोकांनी वाढप्यालाच येड्यात काढलं. आमच्या वस्तादांनी मात्र दार लावून आमाला सांगितलं, वाढपी खरं बोलतोय. आन् उजव्याला जो कोण पाय लावंल त्येनं परत ह्या मातीत यायचं न्हाय. म्हाताऱ्याचा पाय मोडून आणलेला कप कुणी घासायचा, म्हणाले." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "कुटं बोलू नगा. पेठंला अजून वाटतंय, डावाच मोडका हुता, आन् तरी आमाला त्यो पाडता आला न्हाय. खरं कळलं तर मला घरात घ्याचे न्हाईत."

मी तडक वर गेलो आणि कॅप्टनच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, "कुणाला फसवलंत आठ वर्षं? त्यांना सगळं ठाऊक होतं! बंडानं मुद्दाम सोडलं तुम्हाला!"

कॅप्टननी टाक खाली ठेवला.

"हळू बोल. म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"त्यानं मागं पास दिला तवापासनं. एवढा अडाणी फॉरवर्ड हाय व्हय त्यो? मोकळा गोल सोडून मागं पास?" ते माझ्याकडं न बघता वहीवरची शाई टिपत होते. "म्हणून तर डाव्यानं लंगडत बाहेर आलो. त्यांच्या वाढप्याची बोंब माज्याबी कानावर आली हुती; उजवा मोडलाय हे पब्लिकनं बघितलं असतं तर वाढपी खरा ठरला असता. मग पेठंनं त्या पोराला इचारलं नसतं? म्हातारा मोडक्या पायावर तासभर तुज्यापुढं हुबा हुता, तू दुसरीकडनं का गेलास? तितंच ठेचला असता त्येला. आन् आता मिरजंला जाऊन उजवा फाडून घेतला की परत तेच. त्येनं मला वाचवला, मी त्येला उघड्यावर टाकू?"

आठ वर्षं मी ह्या माणसाला हट्टी म्हातारा समजत होतो. त्यांनी मला बजावलं की ह्यातला एक शब्द बंडाच्या कानावर गेला तर तोंड बघणार नाही. मी हो म्हटलं, जिना उतरलो आणि टेम्पो सुरू करणाऱ्या बंडाला सगळं सांगितलं. आयुष्यात मी एवढीच एक चहाडी केली, आणि तिची मला अजिबात लाज वाटत नाही.

त्या रविवारी सकाळी बंडा टेम्पो घेऊन कॅप्टनच्या दारात आला. कबनूरला पोरांची मॅच आहे, बक्षीस द्यायला तुम्हीच हवेत, असं आम्ही त्यांना सांगितलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून पुढं बसले. मागं कापडाच्या गठ्ठ्यांवर मी आणि वहिनी. वहिनींच्या पिशवीत मिरजेच्या डॉक्टरांचे जुने कागद होते. बंडानं टेम्पो नेला तो सरळ नदीकडच्या तालमीच्या चौकात, आणि थांबवला.

रविवार असल्यामुळं कट्टा भरलेला होता. बंडा कट्ट्यावर चढला आणि त्यानं एका दमात सांगून टाकलं. वाढपी खरं बोलला हुता. उजवाच मोडका हुता. मला म्हाईत हुतं, आन् मी मुद्दाम डावीकडनं गेलो. वस्ताद आता न्हाईत, त्यास्नी बोल लावू नगा. काय करायचं ते माजं करा. आता मी कॅप्टनना उजव्याच्या आपरेशनला मिरजंला न्हेतोय.

मग जो काय गलका उठला! कुणीतरी चप्पल फेकली, ती बंडाच्या खांद्याला लागली. दोघं त्याची कॉलर धरायला कट्ट्यावर चढले. तो हात खाली सोडून तसाच उभा राहिला. तेवढ्यात टेम्पोचं दार धाडकन उघडलं. कॅप्टन डावा पाय बाहेर काढून, विजार मांडीपर्यंत वर ओढून, डाव्या गुडघ्यावर काठी बडवत सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडत होते, "खोटं बोलतंय त्ये भडवं! ह्यो बघा! ह्यो हाय मोडका, ह्यो!"